'म्हणे'चा कर्ता : वेचक मजकूर पुढे देण्याची प्रथा आणि मूळनिर्देशाचा प्रश्न

वाचनात आलेली एखादी रोचक गोष्ट, मग ती नाटकाविषयीची असो, खेळाविषयीची असो की खगोलशास्त्रातील एखाद्या शोधाविषयीची असो, आपल्यापुरती न ठेवता दुसऱ्यास कळवावी, ही वाचणाऱ्या माणसाची स्वाभाविक प्रवृत्ती होय. आज या प्रवृत्तीस महाजालाचे साहाय्य लाभले आहे. सकाळी वाचलेला लेख दुपारपर्यंत शंभर ठिकाणी पोचविता येतो, आणि त्यासाठी तो लेख उतरून काढण्याचीही आवश्यकता नसते. केवळ त्याचा दुवा धाडला की पुरते. ही प्रथा सर्वस्वी नवी आहे असा समज विद्यार्थ्यांत रूढ आहे. वस्तुतः ती निदान साडेतीनशे वर्षे छापील स्वरूपात आणि त्याहून कितीतरी अधिक काळ हस्तलिखित व मौखिक स्वरूपात चालत आलेली आहे. प्रस्तुत निबंधात त्या प्रथेचा समग्र इतिहास देण्याचा विचार नाही. वेचलेला मजकूर पुढे जाताना आपले मूळ बरोबर घेऊन जातो की मागे टाकून जातो, एवढ्या एकाच प्रश्नाच्या अनुरोधाने त्या इतिहासातील काही टप्पे येथे पाहावयाचे आहेत.

प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक असल्यामुळे आरंभ एका लहानशा शब्दापासून करणे क्षम्य ठरावे. 'तो म्हणे मुंबईस गेला' या वाक्यातील 'म्हणे' हे रूप पाहावे. व्युत्पत्तीने ते संस्कृत 'भण्' या धातूपर्यंत जाते आणि जुन्या मराठीत ते 'म्हणतो' या अर्थाचे साधे तृतीयपुरुषी क्रियापद आहे. अर्थात् त्यास कर्ता असावयाचा. संतांच्या अभंगांतील नाममुद्रेत तो कर्ता अगदी ठळक उभा असतो : 'नामा म्हणे', 'तुका म्हणे'. परंतु बोलीत या क्रियापदाचा कर्ता गळून पडला, पुरुष-वचनाचा विकार थांबला, आणि उरले ते एक अव्यय. आता त्याचा अर्थ इतकाच, की ही गोष्ट मी पाहिलेली नाही, ऐकलेली आहे. कोणाकडून ते विचारू नका. स्वराच्या थोड्या हेलकाव्याने तेच अव्यय संशयही व्यक्त करते. 'मोठा विद्वान म्हणे!' असे कोणी उद्गारले तर त्या विद्वत्तेविषयी बोलणाऱ्याचे मत काय आहे, हे सांगावे लागत नाही.

आधुनिक भाषाशास्त्रात या विषयास 'ज्ञानस्रोतदर्शन' म्हणता येईल, आणि अलेक्झांड्रा आयखेनवाल्ड यांच्या २००४ मधील ग्रंथापासून तो विशेष चर्चेत आलेला आहे. त्यात ऐकीव माहितीचे दोन प्रकार वेगळे मानितात. पहिल्यात सांगणाऱ्याचा निर्देश असतो, दुसऱ्यात नसतो. पहिल्यास आपण 'उद्धृत' म्हणू, दुसऱ्यास 'ऐकीव'. 'तुका म्हणे' हे उद्धृत होय. नुसते 'म्हणे' हे ऐकीव. आपल्या शेजारच्या कानडीत 'अंते' आणि तेलुगूत 'अट' हे शब्द ऐकिवाचेच काम करितात, तेव्हा ही सोय केवळ मराठीची नव्हे.

आपल्या प्राचीन शास्त्रकारांनी हा भेद चांगला ओळखिला होता. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात प्रमाणे चारच का, 'ऐतिह्य' हे निराळे प्रमाण का नव्हे, असा पूर्वपक्ष आहे. आणि ऐतिह्य म्हणजे ज्याचा मूळ वक्ता निर्दिष्ट नाही अशी प्रवादांची परंपरा, असे वात्स्यायनाचे स्पष्टीकरण आहे. या वडावर यक्ष राहतो, हे त्याचे शिष्टसंमत उदाहरण. वाचस्पतिमिश्राने सांख्यतत्त्वकौमुदीत यावर दिलेला निर्णय मला फार मार्मिक वाटतो. वक्ता अनिर्दिष्ट असल्यामुळे असे विधान संशयित राहते. वक्ता आप्त आहे असा निश्चय झाला, तर मग ते ऐतिह्य राहतच नाही, आगमात जमा होते. म्हणजे विधान खरे की खोटे हा प्रश्न येथे पहिला नाही. ज्याच्याकडे जाऊन विचारता येईल असा कोणी आहे का, हा पहिला प्रश्न आहे.

नाममुद्रा असली म्हणजे सर्व काही ठीक, असेही नव्हे. तुकोबांच्या नावावर मागाहून रचलेले अभंग किती आणि अस्सल किती, हा गाथेच्या संपादकांपुढील जुना वाद आहे. आणि आज आइन्स्टाइनच्या नावावर फिरणारी सुवचने पाहिली म्हणजे मुद्रेचा हा दुरुपयोग कोणत्या एका काळाचा नव्हे, हे ध्यानात येते. तरीही खोटी मुद्रा खोडून काढता येते, कारण ती कोणाकडे तरी बोट दाखविते. मुद्राच नसेल तर खोडावयाचे काय?

आता लिखित परंपरेकडे वळू. हरिदासांची आणि कीर्तनकारांची 'बाडे' आपल्या हस्तलिखित संग्रहांतून पुष्कळ आढळतात. ऐकलेली पदे, श्लोक, आख्याने, कधी एखादा औषधाचा पाठ, अशी हाताला लागेल ती वेचक सामग्री त्यांत उतरविलेली असते. युरोपातही विद्वानांच्या टाचणवह्यांची प्रथा होती. उताऱ्यांच्या या वह्यांस सूची कशी करावी याची एक पद्धती तत्त्वज्ञ जॉन लॉक याने १६८६ मध्ये फ्रेंच नियतकालिकातून प्रसिद्ध केली, एवढे त्या काळी या गोष्टीस महत्त्व होते. टाचणात मूळ लिहिण्याची सवय न लावल्याने काय होते, याचा अनुभव प्रस्तुत लेखकाने स्वतः घेतला आहे. संशोधनाच्या पहिल्या वर्षी दक्षिण कोकणातील बोलींविषयी एक फार उपयुक्त उतारा मी वहीत लिहून घेतला आणि ग्रंथाचे नाव 'उद्या लिहू' म्हणून सोडून दिले. तो ग्रंथ मला पुन्हा सापडला नाही. प्रबंधातील एक संपूर्ण परिच्छेद त्या उताऱ्यावर आधारलेला होता; तो गाळावा लागला. मार्गदर्शकांनी समासात केवळ एक प्रश्नचिन्ह काढले होते, आणि त्यास माझ्याजवळ उत्तर नव्हते.

'उतारा' हा शब्दच पाहण्यासारखा आहे. ग्रंथातून उतरून घेतला तो उतारा. विषावरचा तोही उतारा. आणि शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याचा सात-बाराचा तोही उताराच. यांपैकी शेवटच्याची गोष्ट अशी, की मूळ दप्तर कोणाचे, कोणत्या गावाचे आणि नक्कल कोणी दिली, हे त्यावर नसेल तर कचेरीत त्याची किंमत कोऱ्या कागदाइतकी. आमच्या महसूल खात्यास जे कळले ते आम्हा लेखकांस नेहमी कळतेच असे नाही.

छापील नियतकालिकांचा आरंभच मुळी वेच्यांतून झालेला आहे. ५ जानेवारी १६६५ रोजी पॅरिस येथे देनी द सालो याने 'जुर्नाल दे सावां' काढले, ते मुख्यतः नव्या ग्रंथांचा परिचय देण्यासाठी. त्यानंतर दोनच महिन्यांनी, मार्चमध्ये, लंडनच्या रॉयल सोसायटीचा चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग याने 'फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स' सुरू केले. ओल्डेनबर्ग हा वेचणाऱ्यांचा आद्य पुरुष मानावयास हरकत नाही. युरोपभरच्या विद्वानांची पत्रे त्याच्याकडे येत. त्यांतील निवडक मजकूर, कोणी कोठून कळविले हे सांगून, तो छापीत असे. परदेशांतून येणाऱ्या टपालाविषयी संशय उत्पन्न होऊ नये म्हणून काही पत्रे 'ग्रुबेंडोल' या नावाने मागविण्याची युक्ती त्याने योजिली होती. हे नाव म्हणजे त्याच्याच आडनावातील अक्षरांची उलटापालट. युक्ती पुरी पडली नाही. इंग्लंडचे डच लोकांशी युद्ध चालू असता १६६७ च्या उन्हाळ्यात त्यास टॉवरमध्ये बंदिवासात राहावे लागले. विज्ञानाच्या वार्ता मिळविण्यासाठी मूळ गाठणारा माणूस राज्यकर्त्यांच्या डोळ्यांत हेर ठरावा, हा योगायोग मननीय आहे.

१७३१ मध्ये एडवर्ड केव्ह याने लंडन येथे 'जंटलमन्स मॅगझीन' काढिले. नियतकालिक या अर्थी 'मॅगझीन' हा शब्द रूढ झाला तो येथून. अरबी 'मखजन' म्हणजे कोठार. त्याचे इटालियन व फ्रेंच भाषांतून इंग्रजीत रूपांतर झाले आणि दारूगोळ्याच्या कोठाराचे नाव लेखांच्या कोठारास मिळाले. १९०१ मध्ये लाहोरहून निघालेल्या उर्दू मासिकाचे नाव 'मखजन' ठेविले गेले, तेव्हा शब्दाची प्रदक्षिणा पुरी झाली असे म्हणता येईल. केव्हचा उद्योग असा, की लंडनच्या साप्ताहिकांतून महिनाभरात आलेल्या निबंधांचा सारांश एकत्र करून सहा पेन्सांत द्यावयाचा. प्रत्येक सारांशाच्या माथ्यावर मूळ पत्राचे नाव असे. ज्यांचा मजकूर घेतला त्यांस हे आवडले नाही हे उघडच आहे. पण वाचकास कोणता निबंध कोठे शोधावा हे त्यावरून कळत होते.

अमेरिकेत १७९२ च्या टपाल कायद्याने प्रत्येक मुद्रकास आपले वृत्तपत्र इतर मुद्रकांकडे विनामूल्य पाठविण्याची सवलत मिळाली. त्यामुळे देशभर कात्रणांची देवघेव वाढली, आणि संपादकाची कात्री त्याच्या लेखणीपेक्षा अधिक झिजे असे म्हणावयाची पाळी आली. एका गावच्या पत्रातील चुटका दहा पत्रांतून फिरून मूळ गावी परत येई तेव्हा त्याचे जन्मस्थान कोणासही ओळखता येत नसे. कायद्याने या प्रश्नात लक्ष घातले ते बऱ्याच उशिरा. बर्न येथील १८८६ च्या आंतरराष्ट्रीय कराराची १९०८ मध्ये बर्लिन येथे सुधारणा झाली. वृत्तपत्रीय लेख दुसऱ्या वृत्तपत्राने उद्धृत केल्यास मूळ पत्राचा निर्देश केला पाहिजे, अशी अट तीत होती.

या इतिहासातील सर्वांत बोधप्रद जोडी म्हणजे जॉर्ज न्यून्स आणि विल्यम स्टेड यांची. न्यून्स हा मँचेस्टर येथील व्यापारी. घरी बसून वृत्तपत्रांतील गमतीदार मजकूर बायकोस वाचून दाखविण्याची त्यास आवड. असा सगळा मजकूर एकाच पत्रात असेल तर लोक ते घेतील, हे त्याच्या मनाने घेतले. भांडवल मिळेना, तेव्हा त्याने शाकाहारी उपाहारगृह काढून पैसा उभा केला आणि २२ ऑक्टोबर १८८१ रोजी 'टिट-बिट्स' हे एक पेनीचे साप्ताहिक बाहेर पडले. जगातील सर्व रोचक पुस्तके, नियतकालिके आणि वृत्तपत्रे यांतून वेचलेले चुटके, असा त्याच्या शीर्षकाचाच दावा होता. सक्तीच्या शिक्षणाने साक्षर झालेला, आगगाडीने कामावर जाणारा नवा वाचक त्यास मिळाला. रेल्वे अपघातात मृत्यू आलेल्या प्रवाशाजवळ 'टिट-बिट्स'चा अंक असल्यास त्याच्या वारसांस शंभर पौंड देण्याचीही न्यून्सने योजना काढिली! त्याचे अनुकरण करून आल्फ्रेड हार्म्सवर्थने १८८८ मध्ये 'अॅन्सर्स' काढले आणि पुढे इंग्लंडातील लोकप्रिय वृत्तपत्रांचे साम्राज्यच उभारिले. जेम्स जॉइसच्या 'युलिसिस'मधील लिओपोल्ड ब्लूम शौचकूपात बसून वाचतो ते पत्र हेच, आणि वाचून झाल्यावर त्याच्या पानाचा तो जो उपयोग करितो तो येथे सांगण्याचे कारण नाही.

न्यून्सवर अप्रामाणिकपणाचा आरोप करण्याचा माझा हेतू नाही. श्रमलेल्या माणसास निर्दोष करमणूक मिळावी हा त्याचा हेतू प्रांजळ होता. परंतु 'टिट-बिट्स'चा वाचक मूळ पुस्तकाकडे जावा अशी कल्पनाच त्यात नव्हती. चुटका तेथेच संपे. शीर्षकात सर्व जगाचा निर्देश करावयाचा आणि वाचकाने एका जागेवरून हलू नये अशी व्यवस्था ठेवावयाची, हे 'म्हणे'चे छापील रूप होय.

स्टेड हा अगदी निराळ्या घडणीचा पुरुष. जानेवारी १८९० मध्ये त्याने न्यून्सच्याच भागीदारीत 'रिव्ह्यू ऑफ रिव्ह्यूज' हे मासिक काढिले. यातही दुसऱ्यांचे लेखच संक्षेपाने द्यावयाचे होते. पण प्रत्येक सारांशात मूळ मासिक व मूळ लेखक यांची नावे असत, महिन्यातील प्रमुख मासिकांचे परीक्षण असे, आणि अखेरीस नियतकालिकांतील लेखांची सूची असे. सूचीचा हा ध्यास पुढे इतका वाढला, की स्टेडने नियतकालिक वाङ्मयाच्या वार्षिक सूचीचे स्वतंत्र खंडच प्रसिद्ध केले. भागीदारी मात्र काही महिन्यांतच संपली. त्या प्रसंगी न्यून्सने स्टेडला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा, की एक पत्रकारिता राष्ट्रांचे व्यवहार चालविते आणि मंत्रिमंडळे घडविते-मोडिते, ती तुमची. दुसरीस असली महत्त्वाकांक्षा नसते, ती माझी. मला वाटते, भेद याहून साधा होता. स्टेडला वाचक पुढे जावयास हवा होता, न्यून्सला तो जवळ राहावयास हवा होता. न्यून्सने १८९१ मध्ये 'स्ट्रँड मॅगझीन' काढून अमाप यश मिळविले. स्टेड १९१२ च्या एप्रिलमध्ये 'टायटॅनिक'बरोबर बुडाला.

आपल्याकडे काय झाले? बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले, ते इंग्रजी व मराठी अशा दोन भाषांत, शेजारशेजारच्या स्तंभांतून. या योजनेचा हेतू इंग्रज वाचकही मिळावेत हा होता. परंतु तिचा एक परिणाम आपल्या विषयास पोषक आहे. दोन्ही भाषा जाणणारा वाचक मराठी मजकुराची इंग्रजीशी तेथल्या तेथे तुलना करू शके. मुळाकडे जाण्यास त्यास मान थोडी वळवावी लागे, इतकेच. पुढे मराठी नियतकालिके केवळ मराठी झाली, आणि ते युक्तच होते. पण मूळ मजकूर पृष्ठावरून नाहीसा झाल्यावर त्याची जागा कशाने तरी भरून काढणे प्राप्त झाले. ते काम 'वरून' आणि 'आधारे' या दोन शब्दांनी केले. 'अमुक पत्रावरून', 'तमुक ग्रंथाच्या आधारे' ही पदावली मराठी गद्याच्या अंगवळणी पडली. 'वरून' हे शब्दयोगी अव्यय अपादानाचे, म्हणजे निघण्याचे स्थान दाखविणारे आहे. त्याच्यामागे नाम असल्यावाचून ते उभे राहू शकत नाही. 'म्हणे'ने कर्ता टाकून दिला तरी व्याकरण चालते. 'वरून'ने नाम टाकले तर वाक्य कोसळते. परंतु नाम कोणते हे व्याकरण सांगत नाही. 'एका इंग्रजी ग्रंथाच्या आधारे' असे लिहून मोकळे होण्याची पळवाट आमच्या मासिकांनी लवकरच शोधून काढिली. व्याकरण सांभाळले गेले, ग्रंथ मात्र हरवला तो हरवलाच. १८५० साली निघालेल्या 'मराठी ज्ञानप्रसारका'पासून मराठीत विज्ञानविषयक लेखनाची मोठी परंपरा आहे. त्या परंपरेतील आधारग्रंथ निश्चित करण्याचे काम आजच्या संशोधक विद्यार्थ्याने हाती घेतले, तर त्याचा बराच काळ या 'एका इंग्रजी ग्रंथा'च्या पाठलागात जाईल.

या बाबतीत बंगालचे उदाहरण अधिक समाधानकारक आहे. रामानंद चटर्जी यांनी १९०१ मध्ये अलाहाबादहून 'प्रवासी' आणि १९०७ मध्ये 'मॉडर्न रिव्ह्यू' सुरू केले. 'मॉडर्न रिव्ह्यू'त भारतीय व परदेशी नियतकालिकांतील वेच्यांसाठी स्वतंत्र सदरे होती. 'प्रवासी'त इतर बंगाली मासिकांतून निवडलेल्या मजकुराच्या सदरास 'कष्टिपाथर', म्हणजे कसोटीचा दगड, असे नाव होते. नावातच निवड आणि परीक्षा हे दोन्ही अर्थ आले. मराठीत स्टेडच्या सूचीकार्याशी तुलना करण्याजोगा पुरुष म्हणजे शं. ग. दाते. त्यांच्या 'मराठी ग्रंथसूची'ने १८०० ते १९५० या काळातील ग्रंथांची वाट अभ्यासकांस दाखविली. पण दाते संपादक नव्हते, आणि चुटके वाचणारा वाचक त्यांच्या सूचीकडे कधी वळला नाही.

महाजालाचा जन्म या दोन प्रवृत्तींच्या संदर्भात पाहिला पाहिजे. जुलै १९४५ च्या 'अॅटलांटिक मंथली'त व्हॅनिव्हर बुश या अमेरिकन अभियंत्याने एका काल्पनिक यंत्राचे वर्णन केले. त्यात एका कागदापासून दुसऱ्यापर्यंत वाटा जोडता येतील, आणि ज्ञानाच्या अरण्यातून अशा उपयुक्त वाटा पाडणाऱ्यांचा एक नवा व्यवसायच निर्माण होईल, असे त्याचे भाकीत होते. टेड नेल्सनने १९६५ मध्ये अशा परस्परबद्ध लेखनास नाव दिले. त्याच्या कल्पनेत जोडणी दुहेरी होती, म्हणजे उद्धृताकडून मुळाकडे आणि मुळाकडून उद्धृताकडे जाता यावयाचे. टिम बर्नर्स-ली याने १९८९ मध्ये जिनिव्हाजवळील सर्न या संस्थेत जी योजना मांडली तीत जोडणी एकेरी ठेविली. त्यामुळे ती सुटसुटीत झाली आणि जगभर पसरली. एप्रिल १९९३ मध्ये सर्नने ती सर्वांस विनामूल्य खुली केली.

मराठीने या जोडणीस 'दुवा' हा शब्द दिला, तो मला फार समर्पक वाटतो. आशीर्वाद या अर्थाचा अरबी 'दुवा' निराळा; साखळीच्या कड्या सांधणारा हा दुवा 'दोन' या संख्येच्या कुळातील दिसतो. दोन टोके असल्यावाचून दुवा होत नाही. या दृष्टीने दुवा हा 'वरून'चाच यांत्रिक अवतार होय; आणि 'एका इंग्रजी ग्रंथा'ची पळवाट त्यात नाही, कारण त्यास नेमका पत्ता लागतो.

पहिल्या काही वर्षांत या साधनाचा उपयोग करणारे लोक बव्हंशी स्टेडच्या पंथाचे होते. १९९३ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातील सायमन किंग या ब्रिटिश संशोधकाने क्रिकेटचे धावफलक पुरविणारी 'क्रिकइन्फो' ही व्यवस्था उभी केली. परदेशी विद्यापीठांतील भारतीय विद्यार्थी तिचे आधारस्तंभ होते. सामना ऐकत किंवा पाहत कोणी तरी धावा टंकलिखित करी, आणि शेकडो मैलांवर त्या वाचल्या जात. वाङ्मय व कलांच्या क्षेत्रात न्यूझीलंडमधील कँटरबरी विद्यापीठाचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक डेनिस डटन यांनी सप्टेंबर १९९८ मध्ये 'आर्ट्स अँड लेटर्स डेली' सुरू केले. अठराव्या शतकातील वृत्तपत्रासारखी त्याची मांडणी. रोज तीन नवे दुवे : एक लेखाचा, एक ग्रंथपरीक्षणाचा, एक निबंधाचा. प्रत्येकावर दोन-तीन वाक्यांची टिपणी. ही टिपणी म्हणजे एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार होता. ती लेखाचा सारांश सांगत नसे. लेखातील कलह कशाविषयी आहे एवढे दाखवून थांबे. पुढचे जाणून घ्यावयाचे तर दुव्यावरून मूळ लेखाकडे जाणे भागच. केव्हचे दुकान आणि स्टेडची नीती असा हा संयोग होता. डटन २०१० च्या डिसेंबरात निवर्तले.

परंतु एकेरी दुव्यात जन्मतःच एक उणीव आहे. ज्याच्याकडे तो बोट दाखवितो ते पान हलले किंवा नष्ट झाले तर दुव्यास ते कळत नाही. हार्वर्ड येथील झिट्रेन, आल्बर्ट आणि लेसिग यांनी २०१३-१४ मध्ये दाखविले, की अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांत दिलेल्या दुव्यांपैकी सुमारे निम्मे मूळ मजकुरापर्यंत पोचत नाहीत. प्यू संस्थेच्या २०२४ मधील पाहणीनुसार २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उपलब्ध नव्हती. मजकूर उतरून घेणारे निर्देश विसरले, आणि केवळ निर्देश देणाऱ्यांचा मजकूर नाहीसा झाला. दोन्ही ठेवावे, हे बाडे लिहिणाऱ्या हरिदासास सांगता आले असते तसे आमच्या विद्यार्थ्यांसही सांगावे लागते.

यापेक्षा गंभीर गोष्ट म्हणजे भ्रमणध्वनीवरून मजकूर पुढे ढकलण्याची रीत. येथे दुव्याचा प्रश्नच उरला नाही. चित्र, ध्वनी, मजकूर हे सर्व मुळापासून तोडून जसेच्या तसे पुढे जाते. न्यून्सच्या चुटक्यास निदान 'टिट-बिट्स' हे एक घर होते, येथे तेही नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांस मुले पळविणारे समजून जमावाने ठार मारिले. भिक्षुकीसाठी गावोगाव फिरणारी ही माणसे. मुले पळविणाऱ्या टोळ्या आल्या आहेत, असे संदेश त्या दिवसांत सर्वत्र फिरत होते. भारताच्या अनेक भागांत त्या काळी पसरलेल्या चित्रफितींपैकी एक मुळात कराचीत तयार झालेली होती. मुलांच्या सुरक्षिततेविषयी पालकांस जागे करण्यासाठी ती काढिली होती : दुचाकीवरील दोघे मुलास उचलतात, लगेच परत आणून सोडतात, आणि शेवटी एक फलक धरून हा प्रसंग कशासाठी रचला ते सांगतात. भारतात फिरलेल्या प्रतीत हा शेवटचा भाग कापलेला होता. कापले गेले ते चित्रफितीचे मूळच. उरले ते ऐतिह्य. वडावरच्या यक्षाची गोष्ट सांगणाऱ्यांनी मात्र कोणाचा जीव घेतला नव्हता.

त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सअॅपने पुढे ढकललेल्या संदेशावर तशी खूण दाखविण्यास आरंभ केला, आणि भारतात एका वेळी पाच ठिकाणांपलीकडे संदेश पाठविण्यास बंदी केली. २०१९ च्या आरंभी ही मर्यादा जगभर लागू झाली. पुष्कळ वेळा फिरलेल्या संदेशास दुहेरी बाणाची निराळी खूण मिळाली, आणि एप्रिल २०२० पासून असा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येऊ लागला. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही खूण म्हणजे यंत्राने लावलेले 'म्हणे' होय. हा मजकूर पाठविणाऱ्याचा स्वतःचा नाही, एवढेच ती सांगते. कोणाचा, हे तिला ठाऊक नसते. दुहेरी बाण तर केवळ किती मुखांतून आला याची गणना करितो. काही थोड्या भाषांत 'ऐकलेले' आणि 'ऐकलेल्याकडून ऐकलेले' असा भेद व्याकरणातच केलेला आढळतो. मराठीत 'म्हणे' एकच आहे. त्याचा कर्ता कोण, हे वाक्याबाहेर जाऊन विचारावे लागते.